टेबलाचं माहेर

आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाला माहेर आहे. ऐकणारा माणूस इथंच हसतो आणि मग मला भिवाआबांची सगळी गोष्ट सांगावी लागते. मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुम्हाला ती सांगायचीच असते, म्हणून तर पाहुण्यांना मुद्दाम त्या टेबलाशी नेऊन बसवता. खरं आहे. नारायणगावात माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. पाइपांविषयी दोन वाक्यांच्या पुढं माझं कुणी ऐकून घेत नाही. आबांविषयी घेतात.

आबा सुतार. घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या दुकानाचं काउंटर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं. "भुसा हाय," म्हणाले, "गोंदात कालवल्याला." नवं काउंटर होतं ते, मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. लाकडाचं काही दिसलं की वाजवून बघायची त्यांना सवयच. स्टँडवरची बाकडी, बँकेचं दार, देवळाचा खांब. एका साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाची खुर्ची वाजवली होती, नवरदेव तीत बसलेला असताना. विनय हा प्रकार त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. "जुन्नर-आंबेगावात सुतार दोनच," असं ते सांगायचे. "येक मी. दुसरा वारला."

उभ्या झाडाला हात लावायचा नाही, ही त्यांची पहिली अट. वादळानं पडलेलं, जागेवर वाळून गेलेलं, नाहीतर रस्ता रुंद करताना आडवं केलेलं, एवढ्याच झाडांचं लाकूड ते घेत. त्यामुळे कुठं काही कोसळलं की लोक आबांना फोन करत. त्यांचा बटणांचा फोन होता. उचलला की हॅलो नाही, काही नाही, "कोण पडलं?" असंच विचारायचे. मग कधी, कुठं, कशानं, हे सगळं दुःखाच्या घरी विचारावं तशा आवाजात. माझे मामा त्यांच्या शेजारच्या वाडीत राहतात. ते न्हाणीत घसरल्याचं कळलं तेव्हा, जवळ आहेत तर जरा बघून येतील, म्हणून मी आबांना फोन लावला. म्हणालो, "आबा, आमचे मामा पडले." पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "घेर केवढा हाय?" आमच्याकडं आंब्याच्या झाडांना काहीही नावं असतात, तेव्हा त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. मामांचा घेरही तसा सांगण्यासारखा आहे.

दुसरी अट म्हणजे, वस्तू शेडमध्ये करायची नाही. जिथं ती राहणार त्याच घरात करायची, तिथली हवा लाकडाच्या अंगात मुरली पाहिजे. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसते सांधे आणि लाकडाच्याच खुंट्या. आळ्याला माझा चुलतभाऊ दत्ता राहतो, त्याच्याकडं आबांनी असा जांभळीचा पलंग केला. आडदांड पलंग. पोरं त्याच्यावर उड्या मारून दमली, पलंग करकरला नाही. पुढं दत्तानं मागच्या बाजूला नवं घर बांधलं आणि सामान हलवताना लक्षात आलं की पलंग दारातून बाहेर येत नाही. उभा येत नाही, आडवा येत नाही, तिरका तर अजिबात येत नाही.

आबांना बोलावलं. दत्ता म्हणाला, खुंट्या काढा आणि सुटा करा. आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की दत्तानं मान खाली घातली. "काडीमोड आमच्यात न्हाई," ते म्हणाले. मग दाराची चौकट काढू, असं ठरलं. पण चौकटसुद्धा आबांच्याच हातची निघाली. ते उंबऱ्यात बसले. घडीत पलंगाकडं बघायचे, घडीत चौकटीकडं. दोन्ही त्यांच्याच लेकी, कुणाच्या बाजूनं बोलणार? मजूर बिड्या ओढत बसले. ऊन कलल्यावर आबा उठले, आत गेले आणि खिडकी वाजवून म्हणाले, "ही कुणाची?" दत्ता म्हणाला, ती आळेफाट्याच्या एका मिस्त्रीनं केलेली. "मग आदी सांगायचं ना, राव," आबा म्हणाले. भिंतीसकट खिडकी फोडली, पलंग बाहेर आला. आधी दाराची रुंदी का नाही मोजली, असं त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी विचारलं. "पोरगी नांदायला धाडताना," ते मला म्हणाले, "ती परत भायेर कशी यील, ह्याचं माप घेत्यात व्हय?"

तर वस्तू म्हणजे लेक. हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. काम घ्यायच्या आधी ते चक्क घर बघायला यायचे, मुलीचा बाप येतो तसे, धुतलेली टोपी घालून. आमच्याच भागात एका द्राक्षवाल्यानं बंगला बांधला होता, त्याला सगळ्या खोल्यांत आबांच्या खुर्च्या हव्या होत्या. त्यानं बंगला दाखवला, फाटकाजवळचा सरळसोट साग दाखवला आणि लागला तर हा पण पाडा म्हणाला. आबांनी त्या सोफ्यांच्या मधोमध बसून विचारलं, संध्याकाळी इथं कोण बसतं? मालक हसला. म्हणाला, इथं कुणीच नाही, जो तो आपापल्या खोलीत, एसी आहेत ना. आबा उठले. "माझी खुर्ची येकटी पडंल," म्हणाले आणि निघाले. जाताना फाटकाशी थांबून सागाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि त्याला जपून राहायला सांगितलं. हे त्या मालकानंच मला दुकानात येऊन सांगितलं. पाइप घ्यायला आला होता, पण राग मुख्यतः आबांवर होता.

आमचं स्थळ त्यांच्यापुढं आलं ते शेप्यामुळे. शेप्या म्हणजे आमच्या बांधावरचा आंबा. फळाला शेपूसारखा वास यायचा, म्हणून त्याचं नाव शेप्या. एका वादळात तो मुळासकट आडवा झाला. त्याच सुमारास मंगलची पुण्याची बहीण आमच्याकडं राहून गेली होती आणि जेवताना खाली बसता-उठता तिनं गुडघ्यांच्या नावानं एवढे सुस्कारे टाकले होते, की मंगलनं जेवणाच्या टेबलाचा ध्यास घेतला. मी आबांना फोन केला. कोण पडलं, ते सांगितलं.

ते आले. भिंतींना ओल आहे का पाहिलं, ऊन कुठून येतं पाहिलं. मग माणसांची चौकशी. घरात आवाज कुणाचा चढतो? भांडी कोण आपटतं? मी आणि मंगल एकमेकांकडं बघत असताना माझ्या आईनं सगळी उत्तरं देऊन टाकली. भांडी सून आपटते, आवाजही तिचाच, आणि ह्याचं म्हणाल तर हा घरात असला काय, नसला काय. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "स्थळ मध्यम हाय," ते म्हणाले. "पर आजेसासू मोकळ्या दिसत्यात. देतो."

त्या दिवसापासून मी त्यांचा इवाई झालो आणि मंगल विहीणबाई. मंगल त्यांच्या लेकीच्या वयाची. आधी ती फणकारली, पण चार-दोनदा विहीणबाई ऐकल्यावर ते तिच्या अंगात भिनलं. आबा यायचे म्हटलं, की ती साडी बदलायची.

मिलमध्ये कापून आणलेल्या फळ्या टेंपोतून उतरल्या, तेव्हा आबांनी उंबऱ्यात माप ठेवायला लावलं. तांदळाचं, खरंखुरं. पहिली फळी आत नेताना तिच्या टोकानं माप लवंडलं, मंगलनं कुंकू लावलं, आणि टेंपोवाला गाडीचं इंजिन चालू ठेवून हे सगळं तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग एक अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा त्या फळ्या आमच्या हॉलमध्ये राहिल्या, मधे बारीक पट्ट्या घालून एकावर एक रचलेल्या. पाहुणे विचारायचे, काय काम काढलं आहे का? मी म्हणायचो, काम नाही, त्या राहायला आल्या आहेत. आईनं त्यांच्यावर घोंगडी टाकून बैठक केली आणि वाटाणे सोलण्यापासून पेपर वाचण्यापर्यंतचा संसार तिथं मांडला. टेबल करायला आबा आले, तेव्हा ती उठायलाच तयार नव्हती.

काम सुरू झालं आणि आमच्या हॉलला शेपूचा वास सुटला. निदान मला तरी तसं वाटलं. मंगल म्हणाली, तो पॉलिशच्या तेलाचा आहे. मंगलनं पहिल्या दिवशी चहा नेला. आबांनी हात जोडले. पाणी नेलं, त्यालाही हात जोडले. त्यांच्यापाशी कोल्ड्रिंकची एक हिरवी बाटली असायची, लेबल कधीच निघून गेलेलं, तिच्यात शेडमधल्या माठाचं पाणी. भाकरी आणि ठेचा फडक्यात. आमच्याकडची जुनी माणसं लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या सासरी पाण्याचा घोट घ्यायची नाहीत. आबा ती रीत टेबलाला लावून बसले होते.

मंगलला हे सहन होईना. तिच्या हातची मासवडी खाण्यासाठी लोक जुन्नरहून येतात. तिनं मुद्दाम आबा रंधा मारत असताना स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून बेसन घोटलं, रस्सा उकळला. आबांनी रंधा थांबवला, डोळे मिटले, छाती भरून वास घेतला आणि आपली भाकरी घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. वास घ्यायला रीत आड येत नाही, एवढं म्हणाले. मंगलनं शेवटी विचारलंच, की आबा, टेबलाला लेकरू म्हणजे नक्की काय व्हायला पाहिजे? त्यावर त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि सांगितलं:

"पयला डाग. घरच्या माणसाच्या हातनं, न ठरवता पडल्याला. मग ती तुमची. तवर ती माझीच, आन् मी तिचा बाप."

मी म्हटलं, एवढंच ना? आमच्या घरात हे आठवड्याभरात होईल.

मी मंगलला ओळखत नव्हतो. टेबल झालं, आबा गेले, आणि मंगलनं बाजारातून जाडजूड प्लास्टिक आणलं. प्लास्टिकवर चादर. चादरीवर तिनं स्वतः विणलेले रुमाल. पाण्याच्या तांब्याला खाली ताटली, ताटलीला खाली पुठ्ठा. आणि एवढं करून, डाग पडेल म्हणून, आम्ही जेवायला खालीच बसायचो, टेबलाच्या शेजारी. पुण्याची बहीण आली, तीही खाली बसली. सुस्कारे सुरूच. आई ताटावरून टेबलाकडं मान वर करून बघायची आणि म्हणायची, "हे बघायला आणलंय का गं?"

आबांचं नारायणगावात काही काम निघालं की ते यायचेच. चादर बाजूला, प्लास्टिकचा कोपरा वर, तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली वाकून पायही बघायचे. मग मान वर करून विचारायचे, "अजून काय न्हाई?" आणि मंगल अभिमानानं म्हणायची, "नाही." आबांचा चेहरा उतरायचा. हिरवी बाटली तोंडाला लावायचे आणि जीपच्या अड्ड्याकडं निघायचे. घर चांगलं आहे, विहीण जपते, तक्रार करायला जागा नाही, पण नातवाचं तोंड काही दिसत नाही, असा तो सगळा मामला.

मला दोघांची दया यायची, म्हणून मी एकदा त्यात हात घातला. मंगल बाजारात गेलेली पाहून स्कूटरच्या किल्लीनं टेबलाच्या कडेला एक ओरखडा काढला. बेताचा, नैसर्गिक वाटेलसा. पुढच्या वेळी आबा आले, त्यांचा तळवा त्या जागी थबकला. त्यांनी चष्मा लावला. नखानं ओरखडा चाचपला.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो की पडला असेल असाच.

"असाच पडल्याला वाकडा आस्तो, इवाई. ह्यो सरळ हाय. किल्लीचा हाय." मग पिशवीतून काचपेपर काढून त्यांनी तो ओरखडा घासून नाहीसा केला, वर तेलाचा बोळा फिरवला आणि मला म्हणाले, की लबाडीचं लेकरू त्यांच्या घराण्यात खपणार नाही. मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर काही दिवस आमच्या घरात आवाज चढला नाही, कारण बोलणंच बंद होतं. भांडी मात्र आपटत होती.

गेल्या वर्षी आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसून रंधा मारता येईना. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्यानं शेड बंद करून त्यांना तिकडं न्यायचं ठरवलं. जायच्या आधी आबांनी सगळ्या लेकींच्या घरी एक फेरी काढली. दत्ताच्या पलंगावर पोरांनी पेनानं गाड्या काढल्या होत्या, तिथं ते केव्हाच पुरणपोळी जेवून आले होते. जुन्नरच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा हात कुत्र्याच्या पिल्लानं कुरतडला, त्या दिवशी त्यांनी पिल्लालाही घरचं माणूस ठरवून शिरा खाल्ला होता. सगळीकडचं पाणी पिऊन झालं होतं. "तुमचंच तेवढं ऱ्हायलं," फोनवर मला म्हणाले, आणि येतो म्हणाले.

ते आले तेव्हा पायऱ्या चढताना त्यांना हात द्यावा लागला. मंगलनं टेबल आधीच मोकळं करून ठेवलं होतं, प्लास्टिक-बिस्टिक काही नाही. आत दूध तापत ठेवलेलं, मासवडीची तयारी झालेली, कारण तिनं मनाशी ठरवलं होतं की आज त्यांना जेवायला घालायचंच. आबांनी खुर्चीवर बसून तळवा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेबल पहिल्या दिवशी होतं तसंच्या तसं.

"अजून काय न्हाई," ते म्हणाले. या वेळी त्यांनी विचारलं नव्हतं. पिशवीतून हिरवी बाटली काढून समोर ठेवली.

त्या बाटलीनं मंगलचा तोल गेला. ती स्वयंपाकघराच्या दारातूनच सुरू झाली. म्हणाली, आता चाकणला जाणार, परत येणं होईल न होईल, आणि इथून कोरडे जाणार? लोक काय म्हणतील, सगळीकडं जेवले आणि नारायणगावच्या विहिणीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही? आबा म्हणाले, रीत आहे, बाई. ती म्हणाली, खड्ड्यात गेली ती रीत. तेवढ्यात दूध उतू गेलं. तिनं आत धावत जाऊन सांडशीनं पातेलं उचललं, पण बोलणं अर्धवट राहिलेलं होतं, म्हणून पातेल्यासकट बाहेर आली.

"टेबल जपलं, हा माझा गुन्हा झाला का, आबा?" ती म्हणाली. "तुमची लेक आहे, म्हणून जपलं ना?"

आणि शेवटच्या शब्दाला हात मोकळे हवेत, म्हणून तिनं ते पातेलं दणकन टेबलावर ठेवलं.

करपलेल्या दुधाचा आणि तेलाचा वास आला. मंगलनं झटकन पातेलं उचललं. खाली काळपट गोल उमटला होता, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं तुटक. मंगलचे डोळे भरून आले. आईनं आपल्या जागेवरून मान वर केली आणि विचारलं, "आता तरी वर बसून जेवायचं का?"

आबा वाकले. त्या गोलावर फुंकर घातली, बोट टेकवलं, चटका बसल्यावर बोट तोंडात घातलं. मग माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी दोन्ही हात वर केले.

"ठरवून न्हाई ना केलं, विहीणबाई?"

"कोण ठरवून करील, आबा?" मंगल पदरानं डोळे पुसत म्हणाली. "घासून जाईल ना हे?"

"नातवाला कुणी घासून काडतं व्हय?" आबा म्हणाले. "साखर आना."

साखरेचा डबा आला. आबांनी उभं राहून आधी आईच्या हातावर साखर ठेवली, मग माझ्या. शेवटी मंगलच्या हातावर ठेवली आणि आवाज खाली आणून तिला सांगितलं, "दोगंबी सुखरूप हायती." मंगल रडता रडता हसली. मला दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

उरलेल्या दुधाचा तो चहा आबांनी बशीतून प्यायला आणि बशी पुन्हा पुढं केली. जेवायला आम्ही सगळे वर बसलो, आई टेबलाच्या मधल्या खुर्चीवर. आबांनी मासवडी मागून घेतली, रस्सा ओरपला आणि पहिल्या दिवसापासून मनात ठेवलेलं असावं तसं म्हणाले, "मीठ कमी हाय." ज्या घरात मंगलच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवत नाही, तिथं ती आनंदानं उठली आणि मीठ घेऊन आली.

निघताना त्यांनी हिरव्या बाटलीतलं पाणी अंगणातल्या जास्वंदीला ओतलं आणि रिकामी बाटली मंगलच्या हातात दिली. भरून द्या म्हणाले. मंगलनं ती माठातलं पाणी काठोकाठ घालून आणली.

मी त्यांना जीपच्या अड्ड्यावर सोडायला गेलो. मागच्या बाकावर दाटीवाटीत त्यांना जागा मिळाली. जीप हलली तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते. बाटली उजेडात उंच धरून ते शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होते, आणि तो माणूस त्या पाण्याकडं लक्ष देऊन बघत होता.